फोटोत त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारा काळा ठिपका: नव्या मिररलेस कॅमेऱ्याची पायरीपायरीने तपासणी

आधी लक्षणं

सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून देवळाचा फोटो काढलात. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळं छान दिसलं. घरी संगणकावर उघडला, तर आभाळात एक करडा, पुसट कडांचा गोल ठिपका. पुढच्या फोटोत तो त्याच जागी, त्याच्या पुढच्यातही तिथंच.

तुमच्या कॅमेऱ्याचं खालच्यापैकी काय काय जुळतं ते पाहा:

- ठिपका मोकळ्या जागेतच दिसतो: आभाळ, पाणी, चुना दिलेली भिंत, कॅटलॉगच्या फोटोमागचा पांढरा कागद. गर्दी, झाडं किंवा चादरीची नक्षी आली की तो हरवतो.
- एफ/११, एफ/१६ ला ठळक असतो, एफ/२.८ ला जवळजवळ नसतोच. (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान.)
- एडिटिंग करताना कॉन्ट्रास्ट किंवा डीहेझ (फोटोतला धूसरपणा कमी करणारी सोय) वाढवलं की तोवर न दिसलेले आणखी ठिपके वर येतात.
- व्हिडिओत कॅमेरा फिरतो, दृश्य सरकतं, ठिपका मात्र चौकटीत एकाच जागी राहतो.
- लेन्स बदलली तरी जागा तीच.
- कॅमेरा साफ करून आणला तरी थोड्याच दिवसांत ठिपके परत.

यातलं बरंचसं जुळत असेल तर सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसली आहे. कॅमेरा बिघडलेला नाही, नवा कॅमेरा सदोष निघाला असंही नाही. ओळखीतल्या हौशी मंडळींचे, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचे, टॉवेल-चादरींचे कॅटलॉग करणाऱ्यांचे कॅमेरे मी याच तक्रारीसाठी तपासत आलो आहे. माझं लक्ष सगळ्यात आधी शेवटच्या लक्षणाकडे जातं. ठिपके परत येतात, कारण सेन्सर साफ होतो आणि धूळ जिथून येते ती जागा तशीच राहते. ती जागा बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या बाहेर, तुमच्या बॅगेत असते.

आपल्याकडे हा त्रास जास्त का

जुन्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा आणि मिटलेलं शटर असायचं. मिररलेसमध्ये आरसाच नाही. बहुतेक मॉडेलमध्ये लेन्स काढली की समोर थेट सेन्सर उघडा. त्याच्यावर एक पातळ काच असते, धूळ बसते ती त्या काचेवर.

त्यात आपली हवा. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. संक्रांतीनंतर हवा इतकी कोरडी होते की प्लॅस्टिक आणि काचेवर स्थिर वीज साचते आणि बारीक कण तिला धरून बसतात. काळ्या मातीची भुकटी फार बारीक असते. नान्नजच्या माळावर गाडीमागून उडते तीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांजवळ हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, आणि हळदीची ती पूड नुसत्या मातीपेक्षा चिवट असते. यातलं काहीच टाळून चालणार नाही, कारण फोटो इथलेच काढायचे आहेत.

पहिली तपासणी: ठिपका फोटोत आहे की फक्त डोळ्यांना दिसतो?

खर्च शून्य. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना काळा कण दिसतो आणि लोक घाबरतात. तो बऱ्याचदा व्ह्यूफाइंडरच्या काचेवर किंवा आत असतो, फोटोत येतच नाही. फोटो दुसऱ्या स्क्रीनवर, मोबाइलवर का होईना, उघडा. झूम करून फोटो सरकवा. ठिपका फोटोबरोबर सरकला तर तो फोटोत आहे. स्क्रीनवर जिथल्या तिथं राहिला तर स्क्रीन पुसा आणि विषय संपवा.

दुसरी तपासणी: चाचणीचा फोटो

हा एक फोटो नीट काढलात तर पुढचं निम्मं काम होतं. नुसत्या अंदाजाने सेन्सर साफ करायला घेऊ नका. कुठं, किती आणि कसली घाण आहे हे माहीत नसताना केलेली सफाई धूळ इकडची तिकडे करते.

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी ठेवा (डायलवर ए किंवा एव्ही). आयएसओ १००. ॲपर्चर एफ/१६, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर आलेली) असेल तर लांबच्या टोकाला झूम करून एफ/२२ चालेल. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. फोकस मॅन्युअल करून मुद्दाम चुकवा: समोर आभाळ असेल तर अगदी जवळ, जवळची पांढरी भिंत असेल तर अनंतावर. शटर उघडं असताना कॅमेरा हळू हलवा. फोटो हलला पाहिजे. भिंतीचे खड्डे, चुन्याचे ओघळ पुसले जातात आणि सेन्सरवर बसलेली धूळ तेवढी स्थिर राहते. आभाळाचा फोटो घेत असाल तर सूर्य चौकटीत अजिबात नको.

फोटो १०० टक्के झूम करून एका कोपऱ्यापासून ओळीने पाहत जा. मग तोच फोटो एफ/५.६ ला काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

ट्यूबलाइटखाली हाताची सावली पुसट पडते, टॉर्चपुढे तीच रेखीव होते. इथंही तसंच आहे. ॲपर्चर मोठं असेल तर प्रकाश अनेक दिशांनी येतो आणि धुळीच्या कणाची सावली विरते. ॲपर्चर लहान केलं की प्रकाश अरुंद वाटेने येतो आणि सावली ठळक होते. म्हणूनच नान्नजला टेलीलेन्सने एफ/६.३ वर काळवीट टिपताना काही जाणवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तलावावर एफ/१६ लावलं की कॅमेरा रातोरात खराब झाल्यासारखा वाटतो. धूळ आधीपासूनच होती.

आता एक निर्णय इथंच घ्या. ठिपके फक्त एफ/१६ ला दिसतात, एफ/८ ला दिसत नाहीत, आणि तुमचे बहुतेक फोटो एफ/८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरचे आहेत? मग सेन्सरला हात लावायची गरज नाही. एपीएस-सी आकाराच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एफ/१६ ला विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, फोटो तसाही मऊ पडतो. देऊळ आणि तलाव दोन्ही स्पष्ट हवेत तर एफ/८ बहुतेक वेळा पुरतं. हा उपाय फुकट आहे आणि मी तो सगळ्यांना आधी सांगतो.

तिसरी तपासणी: ही धूळच आहे ना?

ठिपका काळसर, गोल, पुसट कडांचा असेल तर सुटा कण. वळलेल्या केसासारखी रेघ असेल तर कापडाचा तंतू. मध्ये गडद आणि भोवती उजळ कडं असेल तर तेलाचा किंवा वाळलेल्या थेंबाचा डाग असण्याची शक्यता जास्त. काही नव्या कॅमेऱ्यांत सुरुवातीच्या काळात शटरच्या यंत्रणेतून वंगणाचे अतिसूक्ष्म थेंब उडतात. असा डाग फुंकून जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एकच टोकदार लाल, निळा किंवा पांढरा बिंदू असेल, आणि तो रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्येच दिसत असेल, तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचा स्वतःच उजळणारा एक बिंदू. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतलं शोभेचं दारूकाम टिपताना हे हमखास दिसतात; उन्हाळ्यात कॅमेरा तापला की आणखी वाढतात. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करा. काही कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगची सोय असते, ती एकदा चालवा. पुसण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि हे गंभीर आहे: मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरच्या लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेल्यानंतर रंगीत बिंदू किंवा चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघा दिसू लागल्या असतील, आणि ॲपर्चर बदलूनही त्यात फरक पडत नसेल, तर सेन्सर जळला आहे. इथंच थांबा. ब्लोअर, कापड, द्रव कशाचाही उपयोग नाही. सेवाकेंद्र गाठा. लेझरचा झोत प्रेक्षकांवर फिरत असेल तिथं मिररलेस त्याच्याकडे रोखूच नये, कारण शटर दाबलं नाही तरी स्क्रीनवर चित्र दाखवण्यासाठी सेन्सर सतत उघडाच असतो.

चौथी तपासणी: लेन्स की सेन्सर?

दुसरी लेन्स असेल तर लावा, नसेल तर पाच मिनिटं मित्राची घ्या. तोच चाचणीचा फोटो काढा. ठिपका तिथंच राहिला तर सेन्सर. गेला किंवा जागा बदलली तर पहिल्या लेन्सची मागची काच पाहा. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ अशा ठिपक्याच्या रूपात सहसा येत नाही, म्हणून पुढची काच घासत बसणं व्यर्थ आहे. मागच्या काचेवरचा डाग मोठा आणि खूप पुसट दिसतो. तो आधी ब्लोअरने उडवा, गरज पडली तर स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा.

ठिपका सेन्सरवर नेमका कुठं आहे हे शोधताना लोक गोंधळतात. लेन्समुळे चित्र सेन्सरवर उलटं पडतं. समोरून माउंटमध्ये (लेन्स बसते त्या तोंडात) पाहताना फक्त वर-खाली उलटतं, डावं-उजवं तेच राहतं. फोटोत वर डावीकडे दिसणारा कण तुम्हाला समोरून पाहताना खाली डावीकडे सापडेल.

पाचवी पायरी: कॅमेऱ्याला स्वतःला झटकू द्या

बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरवरची काच थरथरवून धूळ पाडण्याची सोय असते. मेनूत सेन्सर क्लीनिंग किंवा तत्सम नावाने सापडेल. कॅमेरा टेबलावर सरळ, बुडावर ठेवा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते. पाच-सहा वेळा चालवा आणि पुन्हा चाचणीचा फोटो घ्या. कोरडी, सुटी माती यानेच बऱ्यापैकी जाते. तंतू आणि तेलकट डाग राहतात. कॅमेरा चालू किंवा बंद करताना ही सफाई आपोआप होईल अशी सेटिंग असेल तर ती चालू ठेवा.

सहावी पायरी: धुळीचं घर शोधा

ही पायरी सगळे वगळतात, आणि ठिपके परत येण्याचं मुख्य कारण इथंच असतं.

टॉवेलांचे कॅटलॉग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा कॅमेरा घ्या. पांढरी पार्श्वभूमी, स्टुडिओचे दोन फ्लॅश, एफ/१३. प्रत्येक फोटोत ठिपके, आणि एका कोपऱ्यात आकड्यासारखी वळलेली बारीक रेघ. सेन्सर तो व्यवस्थित साफ करून आणायचा आणि आठवडाभरात पुन्हा तेच. मी सेन्सरकडे पाहिलंच नाही. लेन्सची मागची कॅप मागितली आणि मोबाइलची टॉर्च तिच्यात तिरकी धरली. आतल्या आट्यांच्या तळाशी करड्या भुग्याचं कडं जमलं होतं आणि त्यात निळ्या टॉवेलचा एक निळा तंतू वळून बसला होता. रोज तीच कॅप लेन्सच्या मागे, तीच लेन्स कॅमेऱ्यावर. सेन्सरवर धूळ तो स्वतःच्या हातानेच नेत होता.

म्हणून टॉर्च घ्या आणि क्रमाने पाहा: लेन्सची मागची कॅप, बॉडी कॅप (लेन्स नसताना कॅमेऱ्याच्या तोंडावर लावायचं झाकण), लेन्सच्या मागच्या बाजूचं धातूचं कडं, कॅमेऱ्याच्या माउंटचं कडं, बॅगेचे तळ. दोन्ही कॅप साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण, खरोखर पूर्ण वाळू द्या. धातूची कडी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. कॅमेऱ्याच्या माउंटचं कडं पुसताना तोंड जमिनीकडे आणि कापड फक्त कड्यावर. बॅगेतले कप्पे काढून बॅग उलटी झटका, घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर बॅगेतून फिरवा. कॅमेरा जुन्या टॉवेलात किंवा ओढणीत गुंडाळून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. लेन्स कॅमेऱ्यावर लावली की मोकळ्या झालेल्या दोन्ही कॅप एकमेकींना जोडून खिशात टाका, म्हणजे खिशातला भुगा आत जात नाही.

लेन्स बदलण्याची रीतही सुधारा. आधी कॅमेरा बंद. नवी लेन्स मागची कॅप सैल करून तयार. मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून जुनी काढा, नवी लावा. वाऱ्याला पाठ करा, शक्य असेल तर गाडीत बसा आणि पंखा, एसी बंद करा. बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकण्याची सोय काही मॉडेलमध्ये असते, मेनूत शोधून चालू करा. नंदीध्वजांची मिरवणूक किंवा भंडाऱ्याची उधळण टिपायला जाताना घरीच एक झूम लेन्स लावा आणि परत येईपर्यंत काढू नका. त्या गर्दीत लेन्स बदलून मिळणाऱ्या एखाद-दुसऱ्या फोटोसाठी पुढचे सगळे फोटो पणाला लावू नयेत असं माझं ठाम मत आहे.

सातवी पायरी: ब्लोअर

रबरी फुग्याचा, कॅमेऱ्यासाठी बनवलेला ब्लोअर काहीशे रुपयांत मिळतो. कॅमेऱ्याबरोबर घेण्यासारखी पहिली वस्तू हीच.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. मेनूत हाताने सफाई करण्याचा मोड असेल तर तो लावा. शटर मिटून राहणाऱ्या कॅमेऱ्यात तो लागतोच, कारण शटरचे पडदे फार नाजूक असतात आणि त्यांच्यावर जोराची हवा मारायची नाही. ज्यांच्यात सेन्सर स्थिरीकरणासाठी हलता असतो, तिथंही त्या मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मोडमध्येच काम करा. पंखा बंद करा. ब्लोअर आधी हवेत चार-पाच वेळा दाबा, म्हणजे त्याच्या नळीतली धूळ निघून जाईल. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, नळीचं टोक माउंटच्या बाहेरच ठेवा आणि दहा-बारा वेळा ठामपणे दाबा. लगेच लेन्स लावा, चाचणीचा फोटो घ्या.

तोंडाने फुंकू नका. थुंकीचा एक सूक्ष्म थेंब पुरतो, आणि साध्या धुळीचा त्रास ओल्या सफाईवर जातो. संगणक साफ करण्याच्या दाबाच्या हवेचा डबाही नको. त्यातला द्रव बाहेर पडून काचेवर डाग उठतो. सायकलच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर मुळीच नको, त्याच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं.

इथपर्यंतच्या पायऱ्यांनी काम होण्याचं प्रमाण मोठं आहे. एखादा बारीक ठिपका कोपऱ्यात उरला आणि तो एफ/१६ लाच दिसत असेल, तर सोडून द्या.

काढून झालेल्या फोटोंचं काय?

लग्नाचे, साखरपुड्याचे फोटो परत काढता येत नाहीत, ते एडिटिंगमध्ये सुधारावे लागतात. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, आणि याचा इथं फायदा होतो. लाइटरूममध्ये एका फोटोवर हील टूलने ठिपके काढा. त्यातली व्हिज्युअलाइज स्पॉट्स ही सोय चालू केली की चित्र काळं-पांढरं होतं आणि लपलेले ठिपके उठून दिसतात. मग तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर सिंक करा. क्रॉप आणि फोटो सरळ करणं त्यानंतर. सिंक केल्यावर प्रत्येक फोटो एकदा डोळ्यांखालून घाला, कारण एका फोटोत आभाळात असलेली जागा दुसऱ्यात नवरीच्या गालावर किंवा मुंडावळ्यांवर येते आणि तिथं ही दुरुस्ती चेहरा बिघडवते. असे फोटो हातानेच करा.

पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबलमध्ये रीटच मॉड्यूल आहे, मोबाइलवर स्नॅपसीडचं हीलिंग आहे. काही कॅननमध्ये डस्ट डिलीट डेटा आणि निकॉनमध्ये इमेज डस्ट ऑफ नावाची सोय असते: पांढऱ्या पृष्ठभागाचा संदर्भफोटो घेऊन ठेवायचा आणि कंपनीचं सॉफ्टवेअर त्यावरून ठिपके पुसतं. मोठ्या कार्यक्रमाआधी असा संदर्भफोटो घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

आणि डीहेझ हात राखून वापरा. धुळकट आभाळ निळं करायच्या नादात तो ओढला की सेन्सरवरचा कण नि कण दिसू लागतो.

ओली सफाई, आणि कुठं थांबायचं

तेलकट डाग किंवा चिकटलेला भंडारा ब्लोअरने जात नाही. त्यासाठी सेन्सरच्या मापाचा स्वॅब (टोकाला मऊ कापड असलेली सफाईची चपटी काडी) आणि त्यासाठीचाच द्रव लागतो. एपीएस-सीला सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचा, फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा. एक-दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सलग फिरवणं, उलट येताना स्वॅबची दुसरी बाजू, आणि मग तो फेकून द्यायचा. स्वॅबआधी ब्लोअर मारलाच पाहिजे, नाहीतर वाळूचा एक कण काचेवर ओढला जाऊन कायमचा ओरखडा उठतो. कानात घालायचा कापूस, चष्म्याचा स्प्रे, सॅनिटायझर यांतलं काहीही तिथं जाता कामा नये.

हे काम कुणी जाणत्याने शेजारी बसून दाखवल्याशिवाय पहिल्यांदा करू नका. पुढच्यापैकी काहीही असेल तर स्वतः करूच नका, सरळ सेवाकेंद्राकडे द्या:

कॅमेरा वॉरंटीत आहे आणि डाग तेलाचे वाटतात. काचेवर टॉर्चच्या उजेडात ओरखडा दिसतो. ब्लोअर मारल्यानंतर कण काचेच्या खाली गेल्यासारखा वाटतो. शटरचा पडदा वाकडा किंवा अर्धवट मिटलेला दिसतो. सेन्सर हलता आहे आणि कॅमेरा हलवल्यावर पूर्वी नसलेला खडखडाट ऐकू येतो. दोनदा स्वॅब फिरवूनही डाग गेला नाही. तिसऱ्यांदा जोर लावण्याचा मोह होतो आणि नुकसान तिथंच होतं. किंवा लेझरची शंका आहे.

सेवाकेंद्राचा पत्ता कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. देण्याआधी सफाईचे पैसे वॉरंटीत धरतात का ते विचारा, सीरियल नंबर लिहून ठेवा, बॅटरी, कार्ड आणि पट्टा काढून घ्या. पाठवताना बॉडी कॅप धुऊन वाळवलेली लावा. एफ/१६ चा चाचणीचा फोटो छापून किंवा मेलने सोबत द्या, ठिपक्यांवर गोल करून. कॅमेरा परत आला की दुकानाच्या किंवा केंद्राच्या काउंटरवरच, नाहीतर खोका उघडल्याच्या दिवशी, पुन्हा एफ/१६ ला तोच फोटो काढा आणि दोन्ही जुळवून पाहा.